लेडीज ऑटोमॅटिक

अनसव्वा येलदीची घडी
तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर.
"रात्री थांबलालीय बघा. तीनला, कधी साडेतीनला.
भाऊ मस्कतहून आणलेली. आटोमॅटिक हाय."
आधी दोनदा मी झाकण न उघडताच परत दिली होती,
नुसती हलवून. चालली की.

डायल एवढी, चिंचोक्याखाली झाकेल.
या खेपेला सुरीनं मागचं झाकण उचकटलं
तर आधी वास आला,
तंबाखूचा.
रोटरच्या पोटाखाली, चाकांच्या दातांत
तपकिरी भुकटी, पिठाहून बारीक.
चाळीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
हात हलायचा, रोटर फिरायचा,
चावी म्हणून काय असते ते तिला माहीतच नाही.

झाकणाच्या आतून ओरखडा: गौ. ८७
गौससाब. माझे उस्ताद.
एकदा विचारलं होतं, हे कुणासाठी लिहिता?
म्हणाले, पुढच्या गाढवासाठी.

पंखा बंद. आयग्लास डोळ्याला.
एप्रिलचं ऊन पत्र्यातून खाली उतरतंय,
नाकावरचा एक थेंब सुटला तर गेलं सगळं.
लेडीज मशीन म्हणजे
काम मोठ्या घड्याळाचं आणि जागा निम्मी.
रोटर नखाएवढा,
त्याच्याखाली दोन चाकं अंगाला अंग लावून,
हात इकडे जावो की तिकडे,
स्प्रिंग भरायची ती एकाच बाजूनं.
त्यांना तेल जास्त झालं
की शहाणी चाकं बावळट होतात, असं उस्ताद म्हणायचे.
सगळं पांढऱ्या पेट्रोलात धुतलं,
वाटी चहासारखी झाली.
खडे काडीनं पुसले. श्वास धरून बॅलन्स सोडला
आणि तो पळाला, तुरुतुरु,
उंदराच्या पिलासारखा.

आता दोष असला तर माझ्यात.
म्हणून मीच घातली मनगटावर.
अशोक चौकात पोरं म्हणाली,
काय बे मास्तर, वहिनीची का?
तिसऱ्या रात्री थांबली. पावणेचारला.
पुन्हा उघडली, पुन्हा बघितलं,
काही नाही. आरशासारखं स्वच्छ.
मग माझ्याच हाताकडे नजर गेली.
टेबलाला टेकलेला, दिवसभर दगड.
माझा धंदाच हा,
हात हलू न देणं.

शेजारी बिंगींच्या कारखान्यात गेलो.
सायबण्णाला म्हटलं, ही फडक्यात गुंडाळ
आणि मागाचा जो भाग पुढंमागं आपटतो ना,
त्याला बांध.
तो हसला, मालक आहेत का बघितलं, बांधली.
रात्रभर खटाक खटाक.
सकाळी मोराच्या चादरी उतरल्या होत्या
आणि घडी तुडुंब भरलेली.
खणात टाकून दिली. तो दिवस, ती रात्र
आणि वर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत
एकटीच चालत राहिली.
गौ. ८७ च्या खाली मी सुईनं कोरलं:
दोष नाही.

अनसव्वा आली, स्टुलावर बसली.
छातीत घरघर, म्हणून डॉक्टरनं तंबाखू सोडवलेली.
विड्यांचं सूप आता सुनेच्या मांडीवर.
हिचे हात पदराखाली, कुणी ठेवायला दिल्यासारखे.
"काय झालतं तिला?"
"तेल सुकलेलं," म्हटलं. खोटं नव्हतं.
"आणि रोज सकाळी चावी द्यायची. वीस वेळा."
"आटोमॅटिकला?"
"हो."
ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे,
जिथं अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवत होती.

मी पट्टा बांधला तिच्या मनगटाला.
तिनं कमरेची पिशवी सोडली,
दहाच्या नोटा मोजायला घेतल्या,
जुडी बांधताना मोजतात तशा,
न बघता, पंचविसापर्यंत,
बोटं इतकी भरभर की दिसेचनात,
आणि त्या एवढ्याशा डबीत
रोटर गरगरला.

दोघांनीही ऐकलं.
ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.